चकाकी उतरवण्याचे उद्योग

1913 सालच्या ऑगस्टमध्ये शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली नावाच्या धातुतज्ज्ञाने एक नवं पोलाद ओतून घेतलं. त्याच्यापुढचा प्रश्न बंदुकीचा होता. रायफलींच्या नळ्या आतून झिजत होत्या. दारूच्या तप्त वायूंनी नळीचं अंतरंग खाल्लं जाई आणि नेम बिघडे. ब्रिअर्ली क्रोमियमचं प्रमाण वाढवून पाहत होता. या ओतीत ते 12.8 टक्के होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची घडण पाहायची तर नमुन्यावर आम्ल लावून तो थोडा कोरून घ्यावा लागतो. हा नमुना आम्लाला दादच देईना. व्हिनेगर झालं, लिंबाचा रस झाला, पठ्ठ्या जसाच्या तसा. मग नळीचा विषय बाजूला पडला आणि हे पोलाद सुऱ्या-काटे घडवणाऱ्या कारागिरांकडे गेलं. स्टेनलेस स्टीलच्या जनकत्वावर जर्मनीतल्या क्रुप कारखान्याचा आणि अमेरिकेतल्या एलवूड हेन्सचाही दावा आहे. पण बंदुकीच्या शोधात निघून जेवणाच्या टेबलावर पोहोचण्याचा मान ब्रिअर्लीचाच.

बंदुकीकडे परत यायला या धातूला अर्धं शतक लागलं. 1965 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने मॉडेल 60 हे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नियमित उत्पादनातलं पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची नोंद होते. अंगाशी, घामात दिवसभर बाळगायच्या हत्याराला गंज चढू नये ही त्यामागची साधी गरज होती आणि पोलिसांनी ते उचलून धरलं. पुढे रुगरसारख्या कंपन्यांनी स्टेनलेस पोलाद आणि प्लास्टिकचा दस्ता अशी ‘ऑल वेदर’ जोडी लोकप्रिय केली. अलास्काच्या किनाऱ्यावर, जिथे पाऊस आणि खारा वारा हटत नाही, तिथल्या शिकाऱ्यांना असल्या रायफलीचं वेड लागलं नसतं तरच नवल.

तक्रार एकच. चकाकते.

आणि या एका तक्रारीवर अमेरिकेत एक सबंध घरगुती उद्योग उभा आहे. गॅरेजमध्ये, मागच्या अंगणात, क्वचित बायकोची नजर चुकवून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्येसुद्धा, लोक आपल्या चकचकीत रायफलीची झळाळी उतरवत बसलेले असतात. त्यासाठी घासण्या आहेत, रंगाचे डबे आहेत, बाटल्यांतली रसायनं आहेत, चिकटपट्ट्या आहेत. यातलं काय चालतं आणि काय फसतं, हे ठरवणारं सूत्र मात्र ब्रिअर्लीच्या प्रयोगशाळेतच सापडलं होतं. जो गुण या पोलादाला गंजापासून वाचवतो, तोच त्याला काळं होऊ देत नाही.

ही चकाकी खरंच आड येते का, हे आधी पाहायला हवं. चमकणाऱ्या हत्याराची लाज माणसाला तशी अलीकडे वाटू लागली. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश पलटणीत बंदुकीची नळी विटेच्या भुकटीने घासून लखलखीत ठेवणं ही शिस्त होती. 1803 साली आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आलेल्या इंग्रजी पलटणींच्या हातात अशाच लखलखीत नळीच्या ‘ब्राउन बेस’ घराण्यातल्या बंदुका होत्या. समोरासमोर रांगा लावून लढायचं, तर लपायचं कशाला? लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, तसं गणित उलटलं. नळ्यांवर मुद्दाम तपकिरी गंज चढवून तो स्थिर करण्याची पद्धत आधी रायफलधाऱ्यांच्या आणि मग सगळ्यांच्याच बंदुकांवर आली. लाल डगले जाऊन खाकी आली. बोअर युद्धात स्कॉटिश पलटणींनी घागऱ्यांवर खाकी एप्रन बांधले. पहिल्या महायुद्धापर्यंत चकाकणारी कुठलीही वस्तू अंगावर बाळगणं म्हणजे स्वतःचा पत्ता शत्रूला कळवणं, हे सैनिकांच्या अंगवळणी पडलं होतं.

शिकाऱ्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. हरणाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. त्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात. म्हणूनच अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणाच्या मोसमात शिकाऱ्याने भडक नारिंगी जाकीट घालावं, असा नियम करता येतो. माणसाला ते मैलावरून दिसतं, हरणाला ते पाचोळ्यासारखं. मग नारिंगी जाकीट घालून बसलेल्या माणसाने रायफलीच्या चकाकीची चिंता करावी, यात थोडी गंमत आहेच. पण चकाकी म्हणजे रंग नव्हे. नळी हलली की उन्हाचा कवडसा झाडीतून सरकतो, आणि हरणाची नजर हालचालीवर तरबेज असते. रानटर्कीचं तर विचारूच नका. या पक्ष्याला रंग आपल्यापेक्षा जास्त कळतात आणि त्याची नजर चहूकडे फिरते. टर्कीचे आणि बदकांचे शिकारी चकाकीच्या बाबतीत सगळ्यांत हळवे असतात ते उगाच नाही. 1980 च्या दशकात रेमिंग्टनने आपल्या नावाजलेल्या 870 शॉटगनची मंद, काळपट आवृत्ती काढली ती याच गिऱ्हाइकासाठी. 1986 साली रिअलट्री आणि मॉसी ओक या दोन्ही कंपन्यांनी झाडाच्या सालीचे आणि पानांचे छाप बाजारात आणले, आणि मग कपड्यांपासून बंदुकीपर्यंत सगळ्यावर जंगल उगवलं.

तिसरा त्रास होतो तो खुद्द नेम धरणाऱ्याला. दुपारच्या उन्हात माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेच्या, कडेवर प्रकाश पडला की ती कड एका बाजूला पसरल्यासारखी दिसते आणि गोळी दुसरीकडे जाते. नळीच्या वरच्या पाठीवरून डोळ्यात येणारी तिरीप वेगळीच. शिकारीपेक्षा हे कारण जास्त पक्कं आहे, कारण ते लक्ष्यावरच्या भोकात मोजता येतं.

आता रसायनशास्त्र. साध्या पोलादाची बंदूक काळी-निळी होते ती ‘ब्लूइंग’ने. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण 140 अंश सेल्सियसच्या उकळत्या द्रावणात नळी बुडवली, की पृष्ठभागावरच्या लोखंडाचं मॅग्नेटाइट बनतं. तोही एक प्रकारचा गंजच, पण काळा, चिवट आणि तेल धरून ठेवणारा. भोसरीच्या किंवा सातपूरच्या एमआयडीसीत ‘ब्लॅकोडायझिंग’ची पाटी लावलेल्या शेडमध्ये नट-बोल्ट आणि हत्यारं काळी होतात, ती जवळपास याच रीतीने. दुसरी रीत फॉस्फेटची. 1906 साली इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेटने तिचं पेटंट घेतलं, 1915 मध्ये क्लार्क पार्करने अमेरिकेत त्यावर कंपनी उभारली, आणि ‘पार्करायझिंग’ केलेल्या राखाडी-काळ्या, किंचित खरबरीत रायफली घेऊन अमेरिकेने दुसरं महायुद्ध लढलं. एम-1 गरँड रायफलीचा तो मंद, हिरवट झाक असलेला राखाडी रंग याच प्रक्रियेचा.

दोन्ही रीतींना एक गोष्ट लागते: द्रावणाशी झटापट करायला तयार असलेलं उघडं लोखंड. स्टेनलेसमध्ये ते सापडत नाही. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं, की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप चढतो. जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन दहालक्षांश. खरवडला तर क्षणात पुन्हा येतो. हा पहारेकरी ब्लूइंगच्या हंड्यालाही दारात अडवतो आणि फॉस्फेटच्या आम्लालाही. स्टेनलेस काळं करणारे खास क्षार मिळतात, पण ते काम घरचं नव्हे. उकळता कॉस्टिक घरात करायची वस्तू मुळीच नाही; त्यात पाण्याचा थेंब चुकीच्या वेळी पडला तर अख्खा हंडा अंगावर उसळतो.

तरीही दर मोसमात कुणीतरी ‘कोल्ड ब्लू’ची छोटी बाटली आणतोच. या बाटलीत बहुधा सेलेनियमचं संयुग आणि तांब्याचे क्षार असतात. साध्या पोलादावर बोळा फिरवला की काळा थर बसतो. ओरखडे झाकायला तो बरा. स्टेनलेसवर तोच बोळा कितीही घासा, फार तर एक मळकट डाग उमटतो आणि फडक्याने पुसला जातो. सेलेनियम विषारी आहे, हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आपल्याकडे धातू काळा करण्याची जी कला घरोघर मिरवते, ती बिदरीची. बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळून त्यात भांडं घातलं, की जस्ताचा भाग कुळकुळीत होतो आणि चांदीची नक्षी तशीच झळकत राहते. म्हणजे एकाच भांड्यावरचा एक धातू काळा पडतो आणि दुसरा दाद देत नाही. बंदुकीच्या स्टेनलेसची गत या चांदीसारखी.

रसायनं बाद झाली, म्हणजे दोन वाटा उरतात: पृष्ठभाग खरबरीत करणे किंवा तो झाकणे. अमेरिकन बाजारात जे शेकड्यांनी पर्याय दिसतात, ते या दोन खणांत मावतात.

खरबरीत करण्याने चकाकी का जाते, ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. नव्या स्टीलच्या ताटात तोंड दिसतं. दहा वर्षं घासणीने घासलेलं ताट उजळ असतं, पण त्यात तोंड दिसत नाही. ताटावर पडणारा उजेड तेवढाच असतो, फक्त हजार बारीक ओरखडे त्याला हजार दिशांना पिटाळतात. बंदुकीवर हेच काम करणारी वस्तूही त्याच घराण्यातली आहे: थ्री-एम कंपनीच्या स्कॉच-ब्राइटची राखाडी किंवा विटकरी पट्टी. नळी आडवी धरायची, पट्टीवर तेलाचा थेंब टाकायचा आणि एकाच दिशेने, लांबीच्या लांबी, एकाच दाबाने ओढत जायचं. मध्ये थांबलं की तिथे डाग दिसतो. गोल गोल फिरवलं की प्रत्येक वळसा उन्हात उठून दिसतो आणि मालकाच्या शेजाऱ्यालाही कळतं की हे घरी केलंय. कारखान्यातल्या बहुतेक स्टेनलेस रिव्हॉल्व्हरांचा ‘सॅटिन’ पृष्ठभाग असाच एकदिश ओरखड्यांचा असतो. त्यामुळे वापरात पडलेला चरा घरच्या घरी मिटवता येतो. रंग दिलेल्या बंदुकीला ही सोय नाही.

त्यापुढची पायरी ब्लास्टिंगची. दाबाच्या हवेने बारीक कण पृष्ठभागावर मारायचे. काचेचे गोल मणी मारले तर पृष्ठभागाला नुसते ठोके बसतात आणि दुधाळ, उजळ मंदपणा येतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे धारदार कण मारले तर खड्डे खोल होतात आणि रंग गडद राखाडीकडे झुकतो. रुगरने आपल्या काही स्टेनलेस रायफली आणि ‘सुपर रेडहॉक’ रिव्हॉल्व्हरला दिलेला ‘टार्गेट ग्रे’ नावाचा गडद, निस्तेज पृष्ठभाग अशा पसंतीच्याच गिऱ्हाइकासाठी होता. घरच्या छोट्या पेटीतही ब्लास्टिंग जमतं, पण नळीची दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली नाहीत तर आतले आटे खलास. वाळू वापरण्याचा मोह तर टाळावाच. वाळूची सिलिका फुप्फुसात बसते. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला गेल्या शतकाच्या मध्यालाच बंदी घातली.

इथे एक बारकी गोम आहे, आणि घरी काम करणारे बहुतेक जण तिच्यावरच आपटतात. साध्या पोलादाची लोकर घेऊन स्टेनलेस घासलं, किंवा आधी गंजकं लोखंड साफ केलेले कण पुन्हा स्टेनलेसवर मारले, तर लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुतून बसतात. पंधरवड्यात तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात आणि मालक कंपनीला शिव्या घालतो की ‘स्टेनलेस म्हणून विकलं आणि हे गंजतंय.’ धातू निर्दोष असतो. गंजतात ते उसने कण. कारखान्यात यावर नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाचा हात फिरवून ते कण विरघळवतात. घरी मात्र उपाय एकच: स्टेनलेससाठी कोरी पट्टी आणि कोरे कण.

शिवाय बंदुकीचं स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या स्टेनलेसइतकं सोवळं नसतं. खात्री करायला लोहचुंबक पुरे. चांगल्या प्रतीच्या ताटाला तो जेमतेम चिकटतो किंवा चिकटतच नाही. बंदुकीच्या नळीला टपकन चिकटतो. नळीसाठी कठीण करता येणारं, 416 क्रमांकाच्या घराण्यातलं पोलाद लागतं. त्यात क्रोमियम कमी, निकेल जवळपास नाही, आणि कापायला सोपं जावं म्हणून थोडं गंधक मिसळलेलं. नळ्यांसाठी खास बनवलेल्या 416-आर मध्ये हे गंधक आटोक्यात ठेवलेलं असतं. असं पोलाद गंजाला उशीर लावतं, पण कायमची हमी देत नाही. त्यातून पृष्ठभाग खरबरीत केला की घाम आणि मीठ धरून ठेवायला जागा वाढते. आरशासारखं चकचकीत स्टेनलेस सर्वांत कमी गंजतं, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

याच कारणासाठी सर्किट बोर्ड कोरायच्या फेरिक क्लोराइडमध्ये नळी बुडवून ती करडी करण्याचा जो प्रकार काही हौशी लोक करतात, तो धोक्याचा म्हणायला हवा. रंग येतो, मंदपणाही येतो, दिसायला झकास दिसतं. पण क्लोराइड हा स्टेनलेसचा जन्माचा वैरी. पापुद्र्यात जिथे कच्ची जागा सापडेल तिथे तो सुईच्या टोकाएवढं भोक पाडतो आणि आत आत पोखरत जातो. जिच्यात प्रत्येक गोळीबरोबर हजारो वातावरणांचा दाब येतो त्या वस्तूवर हा प्रयोग कशासाठी?

दुसरी वाट झाकण्याची, म्हणजे रंगाची. यात सर्वांत खालच्या पायरीवर हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा आहे, आणि त्याची इज्जत अमेरिकन सैनिकांनी वाढवली. इराक आणि अफगाणिस्तानात काळ्या रायफली वाळवंटात उठून दिसायच्या, म्हणून जवानांनी क्रायलॉन कंपनीचे मातकट रंगाचे डबे मागवून आपापल्या रायफली रंगवल्या. झाडाची फांदी किंवा जाळी आडवी धरून वरून फवारा मारला की ठसा उमटतो. हा रंग कोपऱ्यांवरून उडतो, नळी साफ करायच्या सॉल्व्हंटने निघतो, आणि हेच त्याचं भूषण. मोहीम बदलली, रंग धुऊन टाकला, नवा मारला.

टिकाऊ हवं असेल तर बंदुकीसाठीच बनवलेले लेप आहेत. आयोवातली ब्राउनेल्स ही 1939 पासूनची बंदूक-कारागिरांची पेढी ‘अल्युमा-हाइड’ नावाचा इपॉक्सीचा फवारा विकते. तो हवेत सुकतो, पण पक्का व्हायला आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त लागतो; अधीर माणसाने तिसऱ्या दिवशी बंदूक जोडली की त्याच्या बोटांचे ठसे रंगात कायमचे राहतात. विस्कॉन्सिनच्या लॉवर कंपनीचा ‘ड्युराकोट’ दोन भागांत येतो, रंग आणि हार्डनर. ‘गन-कोट’सारखे लेप दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तासभर भाजावे लागतात. या सगळ्यांवर गेल्या काही वर्षांत मात केली ती ओरेगॉनच्या ‘सेराकोट’ने. सिरॅमिक मिसळलेला पातळ लेप, साधारण पंचवीस मायक्रॉन जाडीचा, 120 अंशांना दोन तास भाजलेला. त्यात हार्डनरचं प्रमाण कमी-जास्त करून चकाकीच कमी-जास्त करता येते: हार्डनर जितका कमी, तितका लेप मंद. म्हणजे या लेखाचा विषय तिथे थेट मापाने विकत मिळतो.

जाहिरातीत या लेपांचे रंग मोठे दाखवतात, पण हाताळलेल्या माणसाला विचारलं तर तो रंगाबद्दल फार बोलत नाही. तो तयारीबद्दल बोलतो. स्टेनलेस गुळगुळीत आणि अलिप्त, त्यावर रंगाला पकड मिळत नाही. आधी 100 नंबरच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करायचं, मग ॲसिटोनमध्ये धुवायचं, मग एकदा रिकाम्या ओव्हनमध्ये तापवायचं. या तापवण्याला कंटाळा करणारे बरेच. पण नळी आणि चौकटीच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकांत वर्षानुवर्षांचं तेल दडलेलं असतं. तापलं की ते पाझरतं, आणि रंग दिल्यावर पाझरलं तर सांध्याभोवती माशाच्या डोळ्यासारखे गोल फोड येतात. आधी पाझरू दिलं, पुन्हा धुतलं, आणि त्यानंतर कोरे मोजे घालूनच हात लावला, तर रंग बसतो. एक बोट लागलं तरी तिथला रंग वर्षभरात सुटतो. खरं काम दोन दिवसांचं, त्यातला फवारा वीस मिनिटांचा.

ओव्हनबद्दल भीती असते की नळीचं पाणी उतरेल. एवढ्या तापमानात ते उतरत नाही. नळीचं पोलाद याच्या कितीतरी वर टेंपर केलेलं असतं. काळजी दुसऱ्या गोष्टींची. दुर्बीण, प्लास्टिकचे भाग, स्प्रिंगा आणि चापाची यंत्रणा आधी बाहेर काढावी लागते, आणि ज्याला हे सुटं करून परत जोडता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. जिथे धातू धातूवर सरकतो तिथे पंचवीस मायक्रॉनसुद्धा जास्त होतात, दोन बाजू मिळून पन्नास. नळीच्या आत आणि काडतुसाच्या घरात तर रंगाचा कणही चालत नाही. आणि ज्या ओव्हनमध्ये बंदूक भाजली त्यात पुन्हा केक भाजू नये, म्हणून हौशी लोक जुन्या बाजारातून एक टोस्टर ओव्हन घेऊन ठेवतात. दोन भागांच्या रंगांतल्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवून फवारणाऱ्यांच्या हौसेला सलाम करावा की काय करावं, कळत नाही.

कारखान्यांकडे यापलीकडची अस्त्रं आहेत: निर्वात पोकळीत चढवलेला कार्बनचा किंवा टायटॅनियम संयुगाचा कठीण काळा थर, क्षारांच्या भट्टीतलं नायट्रायडिंग. मंद, काळं आणि नखाने तर सोडाच, चाकूनेही न निघणारं. पण ती घरात होत नाहीत. नायट्रायडिंगने तर स्टेनलेसमधलं थोडं क्रोमियम नायट्रोजनकडे वळतं आणि गंजरोधकपणा घटतो, हेही त्या धंद्यातले लोक जाणून आहेत.

या सगळ्या खटाटोपासमोर तात्पुरते उपाय अगदीच गरीब दिसतात, आणि बहुतेकांना तेच पुरतात. दोन्ही महायुद्धांत नेमबाज सैनिक रायफलीला गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळत. चकाकी तर जाईच, शिवाय नळीची सरळ रेघही मोडे, आणि रानात सरळ रेघ चकाकीपेक्षा लवकर ओळखू येते. आज त्याची जागा कापडी छलावरण-पट्टीने घेतली आहे. ती स्वतःलाच चिकटते, धातूला डिंक लावत नाही, मोसम संपला की सोलून टाकायची. एक अट पाळावी लागते: पाऊस पडल्यावर पट्टी तशीच ठेवू नये, कारण ओल्या कापडाखाली हवा पोहोचत नाही आणि स्टेनलेसचा पापुद्रा हवेवर जगतो. आणि माशीसाठी सर्वांत जुना उपाय काजळीचा. अमेरिकेतले जुने लक्ष्यनेमबाज कार्बाइडचा दिवा पेटवून त्याची धुरकट ज्योत माशीखाली धरत. काही सेकंदांत तिच्यावर मखमली काळा थर बसे. सामना संपला की बोटाने पुसून टाकायचा. बर्चवूड केसी कंपनी आता ‘साइट ब्लॅक’ नावाने हेच काम डब्यातून करून देते. पण बोट लागलं की निघून जाणारी काजळी जेवढी काळी, तेवढा काळा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही, असं मानणारे म्हातारे अजून आहेत.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं कारण उरलं नाही. कोकणात आणि गोव्यात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ज्या जुन्या बंदुका, अगदी ठासणीच्यासुद्धा, घराघरात आहेत, त्या साध्या पोलादाच्या. चार महिन्यांच्या पावसात त्यांना गंजापासून कसं वाचवायचं हीच चिंता. चकाकी असती तर मालक खूशच झाले असते. अंजली भागवतपासून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्य मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेपर्यंत महाराष्ट्राने नेमबाजीत नाव कमावलं. पण त्या खेळातल्या रायफलीची माशी काळ्या नळकांड्यात बसवलेलीच येते, उन्हापासून आधीच झाकलेली. घरी रंगवण्यासारखं तिथे काही शिल्लक नसतं.

आणि कायदा वेगळा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार बंदुकीची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती या गोष्टींना परवाना लागतो. रंगकाम दुरुस्तीत धरायचं की नाही, असा वाद पोलिस ठाण्यात घालण्यापेक्षा परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे बंदूक देणं शहाणपणाचं. त्याहून नाजूक बाब क्रमांकाची. ब्लास्टिंगने अक्षरांच्या कडा बसतात, जाड रंगाने खाचा भरतात. अमेरिकेत अनुक्रमांक मिटवलेली बंदूक जवळ असणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात कलम 8 ओळखचिन्ह खोडू देत नाही, आणि चिन्ह खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते खोडलं असं धरून चालतं. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात आणि हवालदार बॅटरीच्या उजेडात परवान्यावरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी ताडून पाहतो. म्हणून सेराकोटवाले कारागीर ब्लास्टिंगच्या आधी क्रमांकावर पट्टी चिकटवतात, किंवा तेवढ्या भागावर हात हलका ठेवतात आणि वर अगदी पातळ लेप देतात.

विकायची वेळ आली की आणखी एक हिशेब निघतो. पहिल्या वर्षांतलं मॉडेल 60 कुणी हौसेने काळं केलं असेल, तर संग्राहक त्याची किंमत लगेच पाडतो. मूळ पृष्ठभाग परत येत नाही. पट्टी गुंडाळलेल्या किंवा काजळी लावलेल्या बंदुकीला ही भीती नाही. स्कॉच-ब्राइटने घासलेली मध्ये कुठेतरी पडते: जाणकाराच्या लक्षात येतं, पण स्मिथ अँड वेसनचा मूळ पृष्ठभाग घासलेला सॅटिनच असेल आणि हात सरळ चालला असेल, तर तो भाव फारसा कमी करत नाही.